सुईवाल्याचं औषध, नागपूरचं औषध

कॅन्सर झाला म्हटलं की आमच्याकडे लोक पहिले तोंडात बघतात. आ करायला लावत नाहीत, एवढंच. बोलता बोलता नजर ओठांवर, दातांवर फिरते आणि मग तो प्रश्न येतोच : "खर्रा खात होती का वं?"

नाही. तंबाखू-सुपारीचा तो खर्रा मी खात नव्हते, खात नाही. उलट ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर खर्ऱ्याविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या पोरापोरींमध्ये मी होते. त्यामुळे माझ्या मानेत गाठ निघाली तेव्हा काही लोकांना झालेला आनंद त्यांना लपवताही आला नाही. एक काका माझ्या खाटेशेजारी बसून म्हणाले, "पाह्य बरं, खर्रा सोडा म्हननारीलेच झाला!" आणि हे म्हणताना त्यांचे हात मांडीवर प्लॅस्टिकची पन्नी घेऊन खर्राच घोटत होते. मी सांगितलं, काका, बाहेर जा. ते गेले नाहीत. पाहुणे आमच्याकडे जात नाहीत. ते चहा येईपर्यंत बसतात.

माझा कॅन्सर मानेतल्या आणि छातीतल्या गाठींचा. तरुण पोरांना होतो. का होतो हे मला कोणी सांगू शकलं नाही. त्याला कुठल्यातरी गोऱ्या साहेबाचं नाव आहे, ते आमच्या गावात कोणालाच नीट घेता येत नाही, म्हणून मीही घेत नाही.

टीबी, टीबी, टीबी

आधी मला टीबीच्या गोळ्या दिल्या. मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं. टीबी आमच्या भागात आहेच, म्हणून देणाऱ्याला मी फार दोष देत नाही. पण गोळ्या संपत आल्या आणि गाठ लिंबाएवढीची पेरूएवढी झाली, तरी कोणी तिला पुन्हा हात लावून बघू नये? दर वेळी खुर्चीतूनच : "गोळ्या घेतेस ना? चालू ठेव." शेवटी दादा चिडला. दादा माझा मोठा भाऊ, बल्लारपूरला ठेकेदाराकडे कामावर असतो. त्याने सुट्टी टाकली आणि आम्हा दोघींना, मला आणि आईला, नागपूरला नेलं. तिथे गाठीचा तुकडा काढला.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर मॅडमनी बसायला सांगितलं, तेव्हाच मला कळलं. बरं असलं की उभ्यानेच सांगतात. मॅडम बोलत होत्या, मी त्यांच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण बघत होते, दादा खिडकीकडे तोंड करून उभा होता. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"हिले भात चालते ना, मॅडम?"

"चालतो."

"रोज?"

"रोज चालतो, आई."

आईचा चेहरा जरा सैल झाला. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला! आज कळतं की त्या खोलीत मिळालेली ती एकच चांगली बातमी होती आणि ती आईने मागून घेतली होती.

केमो, आणि पुन्हा तेच

केमोबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. केस गेले, उलट्या झाल्या, झालं. गाठी बसल्या, गावाने पेढे खाल्ले आणि पुढचा उन्हाळा लागायच्या आत त्या परत आल्या.

या वेळी मॅडम म्हणाल्या, आता वेगळं औषध देऊ. त्यांनी कागदावर एक गोल काढला. ही तुझी रोगाशी लढणारी पेशी. त्या गोलावर एक खुंटी काढली. इथे दाबलं की पेशी शांत होते. ही सोय निसर्गाने केलेली आहे, नाहीतर पेशी आपल्यालाच खातील. कॅन्सर ही खुंटी दाबून बसलाय. हे औषध त्या खुंटीवर जाऊन बसेल, म्हणजे कॅन्सरला ती दाबता येणार नाही. मग तुझ्याच पेशी त्याच्यावर जातील.

"म्हणजे औषध कॅन्सरला मारत नाही?" मी विचारलं.

"नाही. तू मारतेस."

मला हे फार आवडलं. मोर्च्यात बोलण्यासारखं वाक्य होतं. त्यानंतर मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली : मोकळ्या सुटलेल्या पेशी कधी कधी आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉईडवरही जातात. जुलाब, दम, खोकला, अंगावर पुरळ, काहीही झालं तरी आधी फोन करायचा. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

औषध मिळवायला दादाने ज्या सरकारी खिडक्यांपुढे रांगा लावल्या तो विषय इथे काढत नाही. त्यावर आमचं वेगळं भांडण चालू आहे.

"सलाईनच तं होय"

उपचार म्हणजे एक खुर्ची, हातात सुई, वर टांगलेली छोटी बाटली. चहा थंड व्हायच्या आत अर्धी रिकामी. ना उलटी, ना चक्कर. संध्याकाळच्या बसने परत. पहिल्यांदा मी स्वतःच्या पायाने घरी चालत आले तर शेजारची काकू दारात उभी.

"झालं बी?"

"झालं."

"काहीच नाई झालं तुले?"

"नाही."

"मंग काहाचं औषध वं थे? सलाईनच तं होय."

आमच्याकडे औषधाने त्रास दिला नाही तर ते औषध नव्हे. त्यातून दादाने गावात सांगून ठेवलं की हे इम्युनिटीचं इंजेक्शन आहे. झालं! ज्याच्या त्याच्या हातात गुळवेल. काढा, रस, पावडर, कोणाच्या तरी मावसभावाने जंगलातून आणलेली साल. "ताकद वाढून राह्यली तं अजून वाढव." मी सांगत होते की बाबांनो, ताकद वाढवत नाहीत, दाबलेली खुंटी सोडवतात; वरून आणखी उचकवायचं नाही, मॅडमनी काढे बंद सांगितलेत. कोणी ऐकेना. मी काढे मागच्या दारी पेरूच्या झाडाला घातले. झाड बरं आहे.

पण गाठी खरंच उतरू लागल्या. आंघोळ करताना मानेवरून हात फिरवला की बोट सरळ खाली यायचं, मधे काही लागायचं नाही. केस परत आले, कुरळे. घरात भातासारखी साधी गोष्ट परत आली : हसणं.

जुलाब

मग जुलाब लागले. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, सगळं गाव चिखलात, विहिरींचं पाणी गढूळ, अर्ध्या गावाचं पोट बिघडलेलं. मलाही तेच झालं असेल, दुसरं काय? ब्रह्मपुरीत एका डॉक्टरने जुलाब थांबायच्या गोळ्या दिल्या. कुठलं औषध चालू आहे हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. "फोन करायचा" हे मला आठवत होतं, खोटं कशाला बोलू? पण जुलाबासाठी नागपूरला फोन? लाज वाटली. लोकांना लाज सोडून बोला म्हणून सांगत फिरणारी मी, मलाच संडासाची गोष्ट बोलायची लाज वाटली.

रक्त दिसलं तेव्हा फोन केला. मॅडम माझ्यावर ओरडल्या. पहिल्यांदाच. मग तपासलं, आणि निघालं तेच : माझ्याच पेशी माझ्याच आतड्यावर तुटून पडल्या होत्या. पुढची बाटली थांबवली. गोळ्या लिहून दिल्या. मी पट्टीवरचं नाव वाचलं आणि डोकंच फिरलं.

स्टेरॉईड.

इथे जरा मागे जावं लागेल. आमच्या भागात रोवण्याच्या दिवसांत बाया दिवसभर वाकून चिखलात उभ्या असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंबर उचलत नाही. मग मोटारसायकलवरून एक माणूस येतो. डॉक्टरकीची कुठलीच पदवी त्याच्याकडे नाही, पण सगळे त्याला डॉक्टरभाऊ म्हणतात. तो एक सुई देतो. संध्याकाळी कंबर मोकळी, सकाळी बाई परत चिखलात. सुईत काय आहे ते तो सांगत नाही. माझ्या आईने अशी सुई किती हंगाम घेतली कोण जाणे. तिचं तोंड चंद्रासारखं गोल सुजलं, साखर वाढली, कातडी जरा खरचटली की फाटायची. सरकारी दवाखान्यात कळलं की सुईत स्टेरॉईड होतं. आम्ही त्यावर पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरात : रोवण्याची सुई म्हणजे विष. खाली : स्टेरॉईडपासून सावध! ते मी लिहिलं होतं आणि आजही त्यातला शब्द मागे घेत नाही. आईने ते दाराच्या आतून खळ लावून चिकटवलं आणि त्यानंतर तिने सुई घेतली नाही.

आता तेच औषध माझ्या हातात. मॅडमना मी म्हटलं, दुसरं काही नाही का? त्या म्हणाल्या, आहे, पण हे आधी. भरपूर द्यायचं आणि मग हळूहळू, पायरीपायरीने उतरवायचं. मधेच कमी केलंस तर परत उसळेल. कळलं?

कळलं. घरी मात्र मी औषधाचं नाव सांगितलं नाही. "आतड्याच्या गोळ्या" म्हणाले. अंगात ताकद नव्हती, म्हणून गोळ्या आईच देत होती, सकाळी खाऊ घालून; मी न बघता गिळत होते.

डॉक्टरभाऊ भेटायला येतो

आला तो. आजारी माणसाला भेटायला यायला पदवी लागत नाही. बसला, पाणी प्यायला, उशीजवळची गोळ्यांची पट्टी उचलली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली आणि मोठ्याने हसला.

"अवो ताई, हे तं माह्यंच औषध होय!"

मी पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली.

"मी देत होतो तं जहर, अन् नागपूरची मॅडम देते तं अमृत? वा रे न्याय!"

"तुम्ही नाव न सांगता देता," मी म्हटलं.

"नाव सांगतलं असतं तं घेतलं असतं का कोनी?" तो दाराकडे बघत म्हणाला. तिथे पत्रक होतं. "तुमच्या कागदापायी माह्यी अर्धी गावं बंद झाली. आता कागद काढा म्हनतो मी."

"कागद राहील."

"राहू द्या, राहू द्या. जीवाले सांभाळा पन."

तो गेला. चुलीपाशी आई उभी होती, हातात पळी. तिने विचारलं, "हेच होय का थे?" मी म्हटलं, "औषध तेच, पण कारण वेगळं आहे, आई. मॅडमनी सांगितलंय." आईने "हाव" म्हटलं आणि परत भाताकडे वळली. मला वाटलं, विषय संपला. प्रचारात काम केलेल्या माणसाला एवढंही कळू नये? "हाव" म्हणजे पटलं असं नसतं. "हाव" म्हणजे पुढे बोलू नको.

माझं तोंड गोल होत चाललं होतं. आरशात मला दिसत होतं. आईला आरसा लागत नव्हता.

गाडीत

जुलाब थांबले होते ते परत सुरू झाले. या वेळी पोटात पीळ असा की उठता येईना, आणि रक्त. दुपार उतरली होती. गावातल्या एकाची सवारी नेणारी मॅजिक गाडी मिळाली, पण तो कुरकुरत होता, कारण पाचनंतर आमच्या रस्त्यावर वाघ असतो. "तरी निघ," आई म्हणाली आणि मला मांडीवर घेऊन मागे बसली. तो जंगलभर हॉर्न वाजवत निघाला.

मी म्हणत होते, असं कसं झालं, गोळ्या तर चालू आहेत, औषध हरलं का? हे मी परत परत म्हणत असणार, कारण आई एकदम म्हणाली,

"मी अर्ध्याच देत होती."

"काय?"

"अर्ध्या देऊन राह्यली होती मी. थो डॉक्टरभाऊ आला तवापासून."

मी जी किंचाळले! ड्रायव्हरला वाटलं वाघ दिसला, त्याने करकचून ब्रेक मारला आणि आम्ही दोघी पुढच्या सीटवर आदळलो. "कुठी हाय? कुठी हाय?" तो ओरडत होता. मी ओरडत होते, "तू मले मारशीन, माय! तू मारशीन मले!" आणि आई, कपाळावर टेंगूळ आलेली आई, माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होती :

"तुह्यं तोंड पाहून मले माह्यं तोंड दिसत होतं! मी काय करू? तूच लिवलं होतं ना विष हाय मनून! दुसऱ्या कोनाच्या पोरीनं लिवलं असतं तं नसतं मानलं मी!"

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, वाघ नाई ना? जाऊ का मंग?"

वॉर्ड

नागपूरला दाखल केलं. तेच औषध आता शिरेतून, आणखी जास्त. दादा सकाळच्या गाडीने आला. आईने त्याच्याशी, माझ्याशी, नर्सशी, कोणाशीच बोलणं बंद केलं. खाटेखाली चटई टाकून पडून राहायची. मॅडमनी तिला तोच गोल, तीच खुंटी काढून दाखवली. ती "हाव, हाव" करत राहिली. तो शब्द आता मी ओळखत होते.

पोट जरा निवल्यावर मी चिडूनच म्हटलं, "माय, वर ये. ऐक. आपल्या वावरातला कुत्रा समज."

"काहाले?"

"समज तर. रात्री डुकरं हाकलते ना थो?"

"हाकलते."

"एखाद्या चोरानं त्याच्या गळ्याखाली खाजवलं तर?"

"गप पडते मेला. भुकत बी नाई."

"कॅन्सरनं तेच केलं. माझ्या अंगातल्या कुत्र्याले खाजवत बसला, अन् चोरी केली. नागपूरच्या औषधानं कुत्र्याच्या गळ्याले जाड पट्टा बांधला. आता चोराचा हात लागत नाई. कुत्रा उठला, अन् चोरावर धावला."

"चांगलंच झालं की मंग."

"चांगलंच झालं. पण आता तुझा-माझा हातही लागत नाई त्याले. कोनाचंच ऐकत नाई. थो माझ्या आतड्याले चावून राह्यला."

आई उठून बसली. "अन् ह्या गोळ्या?"

"साखळी."

"अन् सुईवाला?"

"त्याच्यापाशी कुत्राच नाई. थो नुसती साखळी गळ्यात घालते लोकाईच्या, दरवर्षी, अन् साखळी आहे म्हणून सांगत बी नाई."

मला वाटलं आता रडेल. तिने विचारलं, "साखळी बांधली तं चोराले कोन हाकलन?"

एवढी पत्रकं लिहिली, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता! संध्याकाळच्या फेरीला आईने तो मॅडमना विचारला, कुत्रा, साखळी सगळं सांगून. मॅडम तिच्या चटईशेजारी बसल्या. म्हणाल्या, बहुतेकांच्या बाबतीत एकदा चोरावर धावलेला कुत्रा चोराला विसरत नाही. पण हमी मी देऊ शकत नाही, आई. आतडं आधी वाचवू, मग बघू.

त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलू लागली. गोळ्या देताना तळहातावर मांडून मला दाखवायची, मग तोंडात टाकायची.

आता

मॅडमनी ते बाटलीचं औषध मला परत द्यायचं नाही असं ठरवलं. पुन्हा दिलं तर आतडं पुन्हा पेटेल. मी भांडले. ज्या औषधाने गाठी उतरल्या तेच बंद? बंद. मग महिनोन्‌महिने साखळी हळूहळू सैल करत आम्ही स्कॅनची वाट पाहिली. घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. सगळे ताटावरून उठायचे तेव्हा भात उरलेला असायचा.

स्कॅनमध्ये गाठी थंड निघाल्या, म्हणजे त्यांत रोग जागा दिसला नाही. दादाने विचारलं, "म्हणजे बरी झाली?" मॅडम म्हणाल्या, पुढच्या स्कॅनपर्यंत. दादा बाहेर येऊन भिंतीवर हात आपटून म्हणाला, "एक सरळ शब्द नाई या लोकाईपाशी!" मलाही तो शब्द हवा आहे. मिळालेला नाही. ज्यांना हे औषध मिळतंय त्यांना माझं सांगणं : तो शब्द मागत बसू नका. हे औषध थांबल्यावरही त्याचं भलं आणि बुरं कितीतरी दिवस अंगात राहतं. म्हणून पुढे ज्या ज्या डॉक्टरपुढे बसाल, ताप असो, जुलाब असो, त्याने विचारो न विचारो, आधी सांगा की मी हे घेतलंय. लाजू नका. आणि घरात गोळ्या देणारं जे माणूस असेल, त्याला पहिल्या दिवशी सगळं खरं सांगा. औषधाचं नाव त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका.

गेल्या महिन्यात मला खोकला झाला. जुलाबाच्या गोळ्या देणाऱ्या ब्रह्मपुरीतल्या त्याच डॉक्टरकडे आई आणि मी गेलो. त्याने छातीला नळी लावली आणि लिहायला घेतलं. आईने त्याच्या कागदावर तळहात ठेवला.

"डॉक्टरसाहेब, थांबा जी. हिनं नागपूरचं थे औषध घेतलं हाय. पहिले तिथी फोन लावा."

"बाई, साधा खोकला आहे."

"असन साधा. फोन लावा, मंग लिवा."

"बाहेर रांग बघा किती आहे."

"पाहिली. मी बी त्याच रांगेतून आली."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागला, की या बाईला आवर. मी आवरलं नाही. आईचा हात कागदावरून हलेना. शेवटी त्याने फोन लावला, मॅडमशी बोलला, बोलता बोलता ताठ बसला आणि छातीचा फोटो काढून आणायला सांगितला.

खोकला साधाच निघाला. बाहेरची रांग आम्हाला शिव्या घालत होती. आई पायरीवर बसून निवांत चपलेचा बंद लावत होती. मग म्हणाली, "चाल, बस सुटून जाईन."